पुढच्या दाराने चढा, मागच्या दाराने उतरा

माझ्या घरात कुणा मंत्र्याने आपली रखेल लपवून ठेवली होती, हे मला सत्तरी ओलांडल्यावर, माझ्याच दाराबाहेर, पिवळं निशाण धरून उभ्या असलेल्या एका इसमाकडून कळलं. मी तेव्हा दाराच्या आत उकिडवा बसून पायाची नखं कापत होतो.

"आणि याच भिंतीमागे," तो बाहेर पंधरावीस प्रवाशांना सांगत होता, "त्या अभागी सुंदरीनं तीस वर्षं अश्रू ढाळले."

भिंतीमागे मी होतो. अंगात गंजीफ्रॉक, हातात नेलकटर. बाहेर कुणीतरी हुंदका दिला. मी दार उघडून डोकं बाहेर काढलं, तर त्या हुंदका देणाऱ्या बाईने माझा फोटो काढला.

आता खरं काय ते सांगतो. आमचं घर म्हणजे हानोकच आहे, जुन्या कोरियन धाटणीचं. काळी कौलं, लाकडी खांब, दारांना कागद, मध्ये चौक, सगळं आहे. पण मंत्र्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. एका ठेकेदाराने ओळीने घरं बांधून विकली, त्यातलं हे एक. माझ्या सासऱ्यांनी ते घेतलं, आणि सासरे मीठ विकायचे. या घरात तीस वर्षं कुणी अश्रू ढाळले असतील तर ते माझ्या बायकोने, आणि तेही कांदे चिरताना. पण मिठाच्या व्यापाऱ्याच्या घरासमोर कोण हुंदके देणार?

त्या इसमाचं नाव थाक. टूर कंपनीचा गाइड, केसांना तेल, आवाज तुपासारखा. गल्लीच्या तोंडाशी वॉर्ड ऑफिसने ओठांवर बोट ठेवलेल्या बाईचं चित्र लावलंय, 'इथे लोक राहतात, शांतता राखा' म्हणून. थाकची माणसं त्या चित्राशेजारी उभी राहून, ओठांवर बोट ठेवून, बोंबलत फोटो काढतात. आमच्या उंबऱ्यावर बसून सँडविच खातात. एकदा तर एक गृहस्थ सरळ आत येऊन, आमच्या सोयाबीनच्या रांजणावरचं झाकण उचलून, आत डोकावून, "वास येतोय," असं मला सांगून गेले. सोयाबीन मुरवल्यावर काय अत्तराचा वास येणार?

एवढ्यात वॉर्ड ऑफिसने जाहीर केलं की आमच्या गल्लीत यापुढे एकालाच टूर फिरवायचा परवाना मिळेल. थाकच्या कंपनीने अर्ज केलेलाच होता. त्याला परवाना मिळाला असता तर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत निशाणामागून निशाण. रहिवाशांपैकी कुणाला मिळाला तर दिवस आणि वेळ आम्ही ठरवायची. म्हणजे प्रश्न साधा होता: गल्ली आमची राहणार की त्या तेलकट डोक्याची.

"मी अर्ज करतो," मी जेवताना बायकोला म्हणालो.

बायकोचं नाव मियोंग-जा. तिने चमचा खाली ठेवला. "तुम्ही? तुम्ही लोकांना फिरवणार? अहो, घरी आलेल्या माणसाला तुम्ही बस म्हणत नाही."

"मी आयुष्यभर लोकांनाच फिरवलंय," मी म्हणालो.

यात खोटं काही नव्हतं. आधी ड्रायव्हर, मग डेपोचा इन्स्पेक्टर. सोल शहराची अर्धी वस्ती माझ्या बसमध्ये उभी राहून मोठी झाली. ज्याने ऐन गर्दीच्या वेळी माणसं भरून वेळेवर शेवटच्या स्टॉपला पोचवली, त्याला तीन घरं दाखवणं जड जाणार होतं?

बातमी फुटली आणि सल्ले सुरू झाले. आमच्या गल्लीत मीठ मागायला गेलं तर सल्ला मिळतो, मीठ राहतं.

कोपऱ्यावरचे मा मास्तर, निवृत्त इतिहास शिक्षक, ताबडतोब काखेत डबा घेऊन आले. डब्यात घोड्याच्या केसांची उंच काळी टोपी. रुंद कड, हनुवटीखाली बांधायची फीत, आमचे पूर्वज घालत तशी.

"बोंग, गाइड कपड्यांवरून ओळखला जातो," मास्तर म्हणाले. "टोपी आणि पांढरा लांब झगा. आणि मान अशी ताठ. टोपी घातली की मागे वळून बघायचं नाही. सज्जन माणूस वळून बघत नाही."

"कुणी मागून हाक मारली तर?"

"सज्जन माणसाला मागून कुणी हाक मारत नाही."

मागच्या गल्लीतल्या प्यो वहिनी म्हणाल्या, "माझं घर दाखवा खुशाल, पण सासूबाईंबद्दल चांगलं सांगायचं."

"काय चांगलं सांगू?"

वहिनी बराच वेळ विचार करत राहिल्या. "असू द्या," त्या शेवटी म्हणाल्या. "घराबद्दलच सांगा."

मग वॉर्ड ऑफिस. तिथे आमच्या अर्जावर मोक मॅडम होत्या. चेहऱ्यावरची माशी हलणार नाही अशी बाई.

"गल्लीत मोठ्यानं बोलता येणार नाही," मॅडम म्हणाल्या.

"हळू बोलेन."

"एका जागी थांबताही येणार नाही. रहिवाशांच्या तक्रारी आहेत."

"त्या तक्रारी मीच केल्यात! बरं, चालता चालता हळू बोलेन."

"घोळक्यानं चालता येणार नाही. रस्ता अडतो."

"म्हणजे काय, मुक्यानं एका ओळीत धावत जायचं?"

मॅडमनी नियम चाळून पाहिले. "धावण्याबद्दल काही नाही," त्या म्हणाल्या. "चालेल."

मी घरी येऊन रात्रभर कुशी बदलल्या आणि सकाळी मला उत्तर सापडलं. गल्लीत बोलायला बंदी, घरात नाही! जे सांगायचं ते घरात सांगायचं. आमच्या घराला दोन दारं. पुढलं मोठ्या गल्लीत, मागलं बोळात. बोळाच्या पलीकडे प्यो वहिनींचं पुढलं दार. त्यांचं मागलं दार उघडतं वरच्या गल्लीत, तिथे समोर मा मास्तर. म्हणजे लोकांनी एका दारातून आत यायचं, ऐकायचं, दुसऱ्यातून बाहेर पडायचं. धक्काबुक्की नाही, उलटं वळणं नाही. आमच्या बसमध्ये हेच असतं: पुढच्या दाराने चढा, मागच्या दाराने उतरा. बाकीचं जग अजून एकाच दाराशी चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची मारामारी बघत बसलंय, आम्ही हा प्रश्न कधीच सोडवला. मी तो फक्त घराला लावला. मला स्वतःचाच अभिमान वाटला.

मी चालूनही पाहिलं. पुढून आत, दगडी पायरीवर जोडे काढले, लाकडी ओसरीवरून पलीकडे, मागच्या दाराशी चपला घातल्या, बाहेर. अडचण शून्य.

(या शेवटच्या वाक्यात अख्खा अनर्थ दडला आहे. मला तेव्हा दिसला नाही. तुम्हाला दिसला असेल तर मनात ठेवा, वयस्कर माणसाला हसू नये.)

मॅडमनी प्रात्यक्षिकासाठी नोव्हेंबरातला शेवटचा मंगळवार दिला. माणसं तुमची तुम्ही आणा, मी सोबत चालेन, म्हणाल्या. मी डेपोतल्या निवृत्त ड्रायव्हरांना कळवलं. ती मंडळी बायकांच्या पायात यायला नको म्हणून रोज डोंगर चढतात, त्यांना काय, निमित्तच हवं असतं.

आदल्या दिवशी संध्याकाळी दाराशी टेम्पो थांबला आणि त्यातून कोबी उतरू लागला. लांबट, जाडजूड गड्डे. उतरतोय, उतरतोय, संपत नाही. चौक भरला.

"हे काय?"

"हे काय म्हणजे?" बायको म्हणाली. "हिवाळ्याची किमची. अख्ख्या हिवाळ्याचं लोणचं. उद्या घालणार. तुम्हाला दोन आठवडे सांगतेय. प्यो वहिनी येणार, माझी ताई येणार, गल्लीतल्या सगळ्या येणार."

"उद्या माझी टूर आहे!"

"कुठे?"

"इथे!"

बायकोने माझ्याकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या नजरेचा अर्थ मला विचारावा लागत नाही.

"तुझा कोबी परवा घाल," मी म्हणालो.

"आज रात्री मिठात घातला की परवापर्यंत त्याचं चामडं होईल. तुमची टूर परवा न्या."

"सरकारी तारीख आहे!"

"कोबीला सरकार कळत नाही," ती म्हणाली आणि मिठाची गोणी फोडली. मिठाच्या व्यापाऱ्याची मुलगी. तिच्याशी मिठाच्या बाबतीत मी कधी जिंकलेलो नाही.

शेवटी तह झाला. बायकांनी चौकाची उजवी बाजू घ्यायची, माझ्या टूरने डाव्या बाजूने ओसरीवर चढून, सासऱ्यांबद्दल चार शब्द ऐकून, मागून निघून जायचं. कोबीला हात लावायचा नाही.

सकाळी मंडळी आली. सगळ्यांच्या अंगात काळी फुगीर जाकिटं, पायात काळे डोंगरी बूट. एकसारखे. निवृत्त होताना युनियन प्रत्येकाला तेच देते. सगळ्यात पुढे ह्वांगबो, माझा जुना जोडीदार, ज्याने एकदा झोपेत अख्खा फेरा मारला होता आणि एकही स्टॉप चुकवला नव्हता. शेवटी मोक मॅडम, पायात नाजूक तपकिरी बूट.

मी टोपी घालून, मान ताठ करून दारातून निघालो आणि टोपी चौकटीला लागून मागे पडली. हशा. मी ती पुन्हा बांधली, यावेळी गच्च. आता मान वळणं शक्यच नव्हतं. मी सज्जन झालो होतो.

सगळे आत आले. पायरीवर बूट काढून ओसरीवर चढले. ओसरीलगतच्या खोलीची जमीन खालून तापवलेली होती, मंडळी तिथे "आहाहा" करत बसली. मी मिठाचं सगळं सांगितलं: सासरे, त्यांचं मीठ वाहणारं गाढव, ठेकेदार. मॅडम काहीतरी लिहून घेत होत्या. पलीकडे बायका गुलाबी रबरी हातमोजे घालून लाल मसाला कालवत होत्या आणि माझ्या प्रत्येक वाक्यावर खिदळत होत्या. पण चाललं होतं. छान चाललं होतं!

"आता मागच्या दाराने उतरा!" मी म्हणालो.

बाकीच्या माणसांनी कदाचित विचार केला असता. पण यांनी आयुष्यभर ही आरोळी दिलेली. ती कानावर पडताच सगळे एका ओळीत उठले आणि मागच्या दारातून भराभर बाहेर पडले. मी सगळ्यांच्या पुढे. दाराशी नेहमीच्या जागी माझ्या चपला होत्या, त्यात मी पाय सरकवले आणि ताठ मानेने बोळ ओलांडू लागलो.

"साहेब," मागून ह्वांगबोचा आवाज आला, "जरा..."

"प्रश्न शेवटच्या स्टॉपला!"

सज्जन माणूस वळून बघत नाही.

प्यो वहिनींच्या पायरीशी मी थांबलो, चपला काढल्या आणि म्हणालो, "मंडळी, इथेही बूट काढावे ही विनंती."

माझ्यामागे कुणी वाकलंच नाही.

मी हळूहळू सगळं अंग वळवलं, मान तर वळत नव्हती. समोर माझे सगळे सहकारी मोज्यांवर उभे. नोव्हेंबरातला दगड. एका पायावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर. ह्वांगबोचा अंगठा मोज्यातून बाहेर येऊन माझ्याकडे बघत होता. आणि त्यांच्यामागे मोक मॅडम, पांढऱ्या मोज्यांत, हातात वही.

"हा टूरचाच भाग आहे का?" मॅडमनी विचारलं.

मी तोंड उघडलं. जिभेवर काय आलं होतं सांगू? 'पूर्वी याच वाटेने लोक अनवाणी...' एवढं आलं होतं. माझ्या जिभेवर! थाकची थुंकी! मी तोंड मिटलं. "पुढे चला," एवढंच म्हणालो.

वहिनींचं घर आम्ही उड्या मारत पाहिलं. सासूबाईंबद्दल मी काहीच बोललो नाही, चांगलंही नाही. आणि वहिनींच्या मागच्या दारातून वरच्या गल्लीत बाहेर पडतो, तो समोर पिवळं निशाण.

थाक. आणि त्याची पंचवीस-तीस माणसं.

दोन्ही बाजू समोरासमोर. मी उंच टोपीत, मागे काळ्या जाकिटांची मोज्यांवर थुईथुई करणारी रांग. फोन वर गेले. कुणीतरी विचारलं, "हे काय चाललंय?"

या माणसाला मी एक श्रेय देतो: त्याला विचार करावा लागत नाही.

"आपण भाग्यवान आहात!" थाक तुपात घोळवून म्हणाला. "ही मौनयात्रा! राजा झोपला असताना दरबारी अधिकारी या गल्लीतून पादत्राणं काढून जात, राजाची झोपमोड होऊ नये म्हणून. आजही इथले रहिवासी वर्षातून एकदा ही प्रथा पाळतात. चला, आपणही मान देऊ या!" आणि त्याने स्वतःचे बूट काढून हातात घेतले.

धडाधड बूट निघाले. आता अख्खी गल्ली मोज्यांवर. लाल मोजे, पट्ट्यापट्ट्यांचे मोजे, बदकांचे मोजे. एक आजी डोळे मिटून पुटपुटत होत्या. ह्वांगबोला राहवलं नाही, त्यानेही भक्तिभावाने हात जोडले. वरच्या खिडकीतून मा मास्तर ओरडले, "बोंग, मान ताठ!"

मोक मॅडम पुढे आल्या. थाकने त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. त्याच्या लेखी त्या एक यात्रेकरू.

"बोंगसाहेब," मॅडम सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हे खरं आहे का?"

बघा, किती सोपं होतं. नुसतं 'हो' म्हणायचं. थाकनेच माझी अब्रू झाकायला चादर आणली होती, मी तिच्यात शिरायचं होतं फक्त. मी मूर्ख ठरण्याऐवजी परंपरेचा पाईक ठरणार होतो. तीस फोन माझ्यावर रोखलेले.

"साफ खोटं," मी म्हणालो. "राजा नाही, झोप नाही, यात्रा नाही. मी गाढव आहे. बूट पुढच्या दाराशी राहिले."

त्या पुटपुटणाऱ्या आजी इतक्या हसल्या की त्यांना भिंत धरावी लागली. मग सगळेच.

"चालेल," मॅडम म्हणाल्या. "आता बूट."

आम्ही मोठ्या गल्लीतून धावत खाली आलो. थाकची माणसंही मागोमाग. त्याची टूर कुठे आहे याच्याशी त्यांना आता देणंघेणं नव्हतं. थाक निशाण हलवत "इकडे, इकडे" करत शेवटी. आमच्या दारातून आत शिरलो. पायरीवर बूट नव्हते. पायरीवर कोबी निथळत होता.

"बूट कुठायत?"

"मला पायरी हवी होती," बायको मान वर न करता म्हणाली. "टपात भरून रांजणांच्या मागे ठेवलेत."

रांजणांपर्यंतच्या वाटेवर खाऱ्या कोबीचा डोंगर. छातीइतका.

"तो हलव!"

"हलवायचा कशाला? मसाला लावा, संपेल. हातमोजे त्या टोपलीत." मग तिने दाराकडे बघितलं, जिथून माणसं अजून आत येतच होती, आणि तिचा चेहरा असा उजळला की लग्नातही तसा उजळला नव्हता. "ताई, अगं किती माणसं आणलीयेत बघ यांनी! मी उगाच म्हणायची की यांना काही कळत नाही."

आमच्याकडे किमचीच्या दिवशी चौकात आलेला माणूस हा पाहुणा नसतो. तो कामाला लागतो, खातो आणि वाटा घेऊन जातो. कुणी विचारत नाही तू कोण. ड्रायव्हर बसले. प्रवासी बसले. पट्ट्यांच्या मोज्यांचा एक ताडमाड परदेशी बसला आणि एकेक पान उचलून असा मसाला चोपडू लागला जणू बाळाला न्हाऊ घालतोय. थाक निशाण सांभाळत उभा राहिला, तर प्यो वहिनी ओरडल्या, "ए खांबा, उभा काय राहिलास? मुळा किस!" तो मुळा किसू लागला. निशाण रांजणात खोचलं.

मोक मॅडम तेवढ्या बाजूला उभ्या. बायकोने कोबीच्या कोवळ्या पानात डुकराच्या उकडलेल्या मांसाचा तुकडा गुंडाळला आणि ती त्यांच्यासमोर गेली.

"नाही नाही, मला घेता येत नाही," मॅडम मागे सरल्या. "अर्जदाराकडून काहीही घेणं, नि..."

"नि" एवढंच ऐकू आलं. बाकीचा नियम मांसाबरोबर आत गेला.

मॅडमनी डोळे मिटून घास चावला. उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं, तिखटाचं की कसलं कुणास ठाऊक. "आता मला वर कळवावं लागेल," त्या म्हणाल्या.

"कळव ना बाई," बायको म्हणाली. "पण मजुरी होती म्हणून कळव." आणि हातमोजे त्यांच्या पुढ्यात टाकले.

दुपार उतरेपर्यंत डोंगर संपला. प्रत्येकाला वाटा मिळाला, मॅडमनाही, मजुरीत. मग बूट. युनियनचे सगळे बूट एकाच मापाचे वाटत होते. अर्धा तास भांडण चाललं. ह्वांगबो शेवटी दोन डावे बूट घालून गेला आणि बसमधून त्याने फोन केला की पाय आपोआप वळतायत.

निकाल सांगायला मॅडम स्वतः आल्या. बूट पायरीवर काढले, आधी त्यांच्याकडे नीट बघून ठेवलं, मग बसल्या.

"थाक यांना परवाना नाही. त्यांनी माझ्यासमोर इतिहास बनवला, आणि मी त्यासाठी मोज्यांवर उभी होते. त्यांचं निशाण गल्लीच्या तोंडापर्यंतच."

माझी मान आपोआप ताठ झाली.

"तुम्हालाही नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही खरं बोललात, ते मी लिहिलंय. पण प्रवाशांचे बूट हरवणाऱ्याला वाट दाखवायला देता येत नाही. परवाना मियोंग-जा बाईंच्या नावे. वर्षातून एक दिवस, किमचीचा. येणाऱ्याने काम करायचं. एरवी गल्लीत एकही घोळका नको. आणि अट एकच: ज्या दाराने आत, त्याच दाराने बाहेर."

बायको लगेच म्हणाली, "यांना काहीतरी काम द्या हो. नाहीतर वर्षभर तोंड बघवणार नाही."

मॅडमनी विचार केला. "बूट सांभाळायला कुणीतरी हवंच," त्या म्हणाल्या.

तर आता गल्लीत शांतता आहे. इतकी, की प्यो वहिनी त्यांच्या मेलेल्या सासूबद्दल काय पुटपुटतात तेही मला ऐकू येतं. परवा पुन्हा किमचीचा दिवस झाला. मी पायरीशी बसलो होतो, टोपी घालून, समोर बुटांच्या रांगा, प्रत्येक जोडीला बांधलेला क्रमांक. इन्स्पेक्टरच्या हाताखाली शिस्त असते. गल्लीच्या तोंडाशी ओठांवर बोट ठेवलेल्या बाईच्या चित्राजवळ पिवळं निशाण उभं होतं. आत यायला बंदी, मोठ्याने बोलायला बंदी. म्हणून थाक माझ्याकडे बोट दाखवून कुजबुजत होता. प्यो वहिनी मुळे घेऊन तिकडूनच आल्या.

"काय म्हणतोय तो?" मी विचारलं.

"म्हणतोय," वहिनींना हसू आवरेना, "ते बघा, राजघराण्याचे वंशपरंपरागत पादत्राणरक्षक. मुका आहे म्हणतोय बिचारा. सात पिढ्या मुके."

माझं डोकं सणकलं. मी उठलोच. माझी टोपी त्या खोटारड्याच्या डोक्यात घालावी म्हणून दोन पावलं टाकलीही.

मागून एका पोक्त बाईने आवाज दिला, "अहो, माझे बूट कोण बघणार?"

मी परत येऊन बसलो. ड्युटीवर होतो.